पुण्यातले २२ लाख की श्टुटगार्टचे ६५ हजार युरो? हिशेब नक्की कोणत्या दराने करायचा?

जाई_कोथरूड

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे आमच्याकडे जेवणानंतर रोज हाच विषय निघतो. वहीची सात पानं भरली, पण उत्तर काही निघत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

नवऱ्याला श्टुटगार्टमधून वर्षाला ६५,००० युरोची ऑफर आली आहे. इथे त्याचं पॅकेज २२ लाखांचं आहे. कर, पीएफ जाऊन हातात दीड लाखाच्या आत-बाहेर पडतात. मी अर्धवेळ शिकवते, त्याचे अठरा हजार. तिकडे गेलो की ते बंद. मुलगी चार वर्षांची आहे.

जर्मनीत घरात एकच कमावता असेल तर त्या करवर्गात ६५ हजारांवर महिन्याला साधारण ३,८०० युरो हातात येतात, असं तिथल्या ओळखीच्यांनी सांगितलं. सोयीसाठी युरो शंभर रुपयांना धरला तर तीन लाख ऐंशी हजार झाले. सासरे म्हणाले, "अडीच पट पगार आहे, विचार कसला करताय?" दीर म्हणाला, "असं नसतं बाबा. क्रयशक्तीच्या दराने, म्हणजे त्याच वस्तू घ्यायला दोन्हीकडे किती पैसे लागतात त्यावरून, युरो २८ रुपयांचा. म्हणजे पुण्याच्या हिशेबाने हातात एक लाख सहा हजार. पगार वाढत नाहीये, घटतोय." रक्कम एकच, पण एकाच्या हिशेबाने अडीच पट आणि दुसऱ्याच्या हिशेबाने सध्याच्या सत्तर टक्के. दोघंही शिकलेले आहेत आणि दोघांचा गुणाकार बरोबर आहे.

याला लागूनच एक प्रश्न आहे. जागतिक बँकेने गरिबीची रेषा रोजी माणशी ३ डॉलर केली असं वाचलं. ३ डॉलर म्हणजे अडीचशे रुपये. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या घरात माणशी अडीचशे रुपये रोज नक्की नसतील. तरी भारतात अतिगरीब शंभरात पाचच, असं त्याच बातमीत होतं. हे मला समजत नाही.

जाणकारांनी सविस्तर लिहावं. घाई नाही, उत्तर द्यायला महिना आहे.

नेकारकाठ

जाई, मी नऊ वर्षं श्टुटगार्टला आहे. पुस्तकी उत्तर कोणीतरी देईलच, मी आमच्या घरचा खर्च सांगतो. आम्हीही तिघंच आहोत.

भाडं 'वार्म', म्हणजे हीटिंग आणि सोसायटीचा खर्च धरून, १,४००. शहराच्या कडेला, पंचाहत्तर चौरस मीटर. घर मिळेपर्यंत चार महिने लागतील आणि अनामत तीन महिन्यांच्या 'कोल्ड' भाड्याएवढी द्यावी लागेल, ते पैसे आधीच बाजूला काढा. किराणा आणि भाजी ५००. बालवाडी २०० च्या आसपास, ती गावागणिक आणि उत्पन्नागणिक बदलते. देशभर लोकल, ट्राम, बस चालणारं तिकीट २०२५ मध्ये ५८ युरो, जानेवारी २०२६ पासून ६३. वीज, इंटरनेट, फोन आणि घरटी १८.३६ युरोंची रेडिओ-टीव्ही पट्टी मिळून दीडशे. कपडे, एखाद-दोन वेळा बाहेरचं जेवण, किरकोळ विमे धरले की २,८५० च्या घरात जातो. उलट बाजूने मुलामागे सरकार पैसे देतं, २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो, ते धरा. आरोग्यविम्याचे पैसे पगारातून आधीच गेलेले असतात, आणि तुम्ही कमावत नसाल तर तुम्ही आणि मुलगी त्यातच येता, वेगळा हप्ता नाही.

आता ज्याची मला सवय व्हायला दोन वर्षं लागली ते सांगतो. दूध, लोणी, मैदा, सफरचंदं, यांचे भाव बघून तुम्ही म्हणाल हे तर पुण्यासारखंच आहे. लिटरभर दूध १.१० युरोला मिळतं. महाग असतो तो माणसाचा हात. पहिल्या हिवाळ्यात सिंक तुंबलं. माणूस आला, चाळीस मिनिटं काम केलं, १८० युरोंचं बिल ठेवून गेला. पुण्यात त्याच कामाचे मी चारशे दिले होते आणि वर चहा पाजला होता. आता स्प्रिंगची वायर माझ्याच माळ्यावर आहे. केस कापायचे २८ युरो. स्वयंपाकाला बाई हा विचारच सोडा.

तेव्हा 'जर्मनी महाग आहे का' असं विचारून उपयोग नाही. तुमच्या घरात माणसांचं किती काम विकत घेतलं जातं, ते आधी बघा.

अर्थबोध

सांगलीला एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी २८ रुपये आले कुठून ते बघू. देशोदेशीच्या किमती पद्धतशीर जमवायचं काम १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने सुरू केलं. आयर्विंग क्रॅव्हिस, ॲलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स ही त्यातली मोठी नावं. पहिल्या फेरीत, १९७० साठी, दहा देश होते. २०१७ च्या फेरीत १७६ अर्थव्यवस्था होत्या. आता जागतिक बँक ते सांभाळते. शेकडो वस्तूंची आणि सेवांची यादी करायची, प्रत्येक देशात तीच वस्तू केवढ्याला मिळते ते नोंदवायचं आणि त्यावरून दर काढायचा. २०१७ मध्ये बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता; या हिशेबाने तो २०.६५ रुपयांचा निघाला. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते भारतात साडेवीस रुपयांत. जर्मनीचा दर एका डॉलरला पाऊण युरोच्या किंचित खाली आहे, त्यावरून युरो साधारण २८.

असं का होतं, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर १९६४ मध्ये बेला बालाशा आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी वेगवेगळं मांडलं. श्टुटगार्टच्या कारखान्यातला कामगार यंत्रांच्या जोरावर तासाला खूप माल काढतो, म्हणून त्याचा पगार मोठा. शेजारच्या न्हाव्याकडे यंत्र नाही, तो सांगलीच्या न्हाव्याइतकीच डोकी करतो. पण त्याला कमी पैसे दिले तर तो दुकान बंद करून कारखान्यात जाईल. म्हणून त्याची कटिंग महाग. मोटार, मोबाइल, तेल या गोष्टी जहाजातून इकडून तिकडे जातात, त्यांचे भाव सगळीकडे जवळपास येतात. केशकर्तन जहाजात भरता येत नाही. आपल्या मुंबईत जन्मलेल्या जगदीश भगवतींनी १९८४ मध्ये यालाच दुसऱ्या बाजूने उत्तर दिलं: गरीब देशात माणसं भरपूर आणि भांडवल थोडं, म्हणून जे काम माणसांच्याच बळावर चालतं ते स्वस्त.

जाईताईंच्या दिराची चूक इथे आहे. तो २८ चा दर अख्ख्या अर्थव्यवस्थेचा आहे. त्यात सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा पगार येतो, पूल येतात, यंत्रसामग्री येते, सोलापूरची ज्वारी येते. कोथरूडमधलं एक विशिष्ट घर काय खरेदी करतं, ते तो दर सांगत नाही.

टोपलीचाही प्रश्न आहेच. जर्मन घराची टोपली उचलून पुण्यात आणली, चीज, ऑलिव्ह तेल, वाइन यांसकट, तर पुणं महाग वाटेल. पुण्याची टोपली श्टुटगार्टला नेली, तर ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात किलोला तीन-चार युरो पडेल आणि श्टुटगार्ट महाग वाटेल. माणूस जिथे राहतो तिथलं स्वस्त खातो, म्हणून दुसऱ्याचं गाव नेहमीच महाग दिसतं. अभ्यासक दोन्ही टोपल्यांची किंमत काढतात आणि मधला आकडा धरतात. तडजोड बरी आहे, पण तडजोडच.

नेकारकाठ

सर, ज्वारीच्या पिठाचं अगदी खरं आहे. आम्ही पहिल्या वर्षी भाकरीसाठी ते आणायचो, आता राय आणि गव्हाचा तिथला पाव खातो. टोपली हळूहळू बदलते, आणि ती बदलली की महागाई आपोआप कमी वाटायला लागते. ज्याला ती बदलायची नाही त्याला हा देश कायम महाग.

दापोलीकर

मी शारजात चौदा वर्षं आहे. सरांइतकं शिकलेलो नाही, पण हा हिशेब आम्हा कोकणातल्या माणसांना पाठ आहे.

जाईताई, तुमच्या सासऱ्यांचा गुणाकारही बरोबर आहे आणि दिरांचाही. फक्त दोघांनी सगळेच पैसे एका दराने गुणले. तिकडे खर्च केलेला युरो २८ रुपयांचा, गावी पाठवलेला युरो १०० रुपयांचा. दोन्ही एकाच पगारातले.

मी सहा जणांच्या खोलीत राहतो, डबा लावलेला आहे. महिन्याला पाचशे-सहाशे दिऱ्हममध्ये माझं भागतं. बाकी सगळं घरी. इथे मी जे खर्च करतो त्याने माणूस गरीबच जगतो, ते कुठल्याही दराने मोजा. पण जे पाठवतो त्याला दापोलीत बाजारभाव मिळतो, आणि तिथे चिरा, वाळू, गवंडी सगळं दापोलीच्या भावाने. म्हणून आमच्या वाडीत तीन घरं जांभ्याची, स्लॅबची उभी राहिली. दिऱ्हम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की आमच्या घरच्यांना चार पैसे जास्त मिळतात. गावात मला श्रीमंत समजतात आणि इथे माझी खाट वरची आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळपेक्षाही थोडा जास्त निघाला. तो सगळा असा पाठवलेला पैसा.

तेव्हा विचार करायचा तो बचतीचा. शिल्लक किती उरेल, आणि ती कुठे वापरणार? तिथेच घर घ्यायचं असेल तर शंभराचा गुणाकार विसरा.

जाई_कोथरूड

दापोलीकर दादा, तुमचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. तीन आठवडे आम्हाला हेच सुचत नव्हतं.

काल रात्री दोघांनी बसून पुन्हा मांडलं. पुण्यात आमचं घर महिन्याला ९५ हजारांत चालतं: भाडं ३२, मुलीची शाळा आणि पाळणाघर १४, किराणा-भाजी १८, स्वयंपाकाच्या ताई आणि भांड्याच्या मावशी मिळून साडेसात, उरलेल्यात गाडी, विमे, दवाखाना, सणवार. नेकारकाठ यांच्या हिशेबाने तिथे २,८५०. स्वयंपाकाच्या ताई आणि गाडी नाही, बाकी राहणी साधारण तशीच. ९५,००० ला २,८५० ने भागलं तर ३३ येतात. म्हणजे *आमच्या घराचा* युरो ३३ रुपयांचा आहे, २८ चाही नाही आणि १०० चाही नाही.

शिल्लक: इथे दोघांचे मिळून १,६८,००० मधून ७३ हजार. तिथे ३,८०० आणि मुलीचे २५५ धरून साधारण १,२०० युरो, म्हणजे एक लाख वीस हजार. पाच वर्षांत परत यायचं असेल तर फरक मोठा आहे. तिथेच राहायचं ठरवलं तर १,२०० युरो बचत ही श्टुटगार्टमध्ये फार मोठी गोष्ट नाही. शिवाय माझी नोकरी जाते, त्याची किंमत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

भीमथडी

सगळं वाचलं. चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट मला टोचते आहे, ती स्पष्ट लिहितो.

भारत स्वस्त आहे असं इथे चार जणांनी लिहिलं. काय स्वस्त आहे? डिझेल स्वस्त नाही. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ च्या वर होतं, अमेरिकेत ते बाजारदरानेसुद्धा याहून स्वस्त पडत होतं. आयफोन १६ आला तेव्हा अमेरिकेत ७९९ डॉलर आणि इथे ७९,९०० रुपये. ट्रॅक्टरचा सुटा भाग स्वस्त नाही. सळई, सिमेंट फार स्वस्त नाही. स्वस्त आहे ती आमच्या दौंड तालुक्यातली खुरपणीची बाई, जी सकाळी नऊ ते पाच तीनशे रुपयांत येते. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर महाराष्ट्रात ३१२ रुपये होता. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना उभी केली आणि १९७७ मध्ये कायदा करून देशाला रस्ता दाखवला, तिथला हा दर.

अर्थबोध सर, तुम्ही ज्याला स्वस्त सेवा म्हणता ती घेणाऱ्याच्या वहीत बचत असते. देणाऱ्याच्या घरात तेवढंच उत्पन्न असतं. क्रयशक्तीच्या तक्त्यात भारताची अर्थव्यवस्था जगात तिसरी आहे असं अभिमानाने सांगतात. त्या क्रमांकात आमच्या खुरपणीवालीची कमी मजुरी 'स्वस्ताई' म्हणून धरलेली आहे, हे कोणी सांगत नाही. मी स्वतः तीनशेच देतो. डाळिंबाला भाव मिळाला नाही तर तेही जड जातात. म्हणून हे कोणावर आरोप करायला लिहीत नाही. पण हे डोळ्यांआड करून गुणाकार करू नये.

अर्थबोध

भीमथडी, तुम्ही लिहिलंत ते मी वर्गात इतक्या नेमकेपणाने कधी सांगू शकलो नाही. स्वस्ताई आणि गरिबी हा बऱ्याच अंशी एकच आकडा आहे, दोन टोकांकडून वाचलेला.

आता तीन डॉलरचं. जाईताई, ते अडीचशे रुपये नव्हेत. ही रेषाही क्रयशक्तीच्याच दराने, २०२१ च्या किमतींत आहे. तेव्हा रोजी माणशी साठ-बासष्ट रुपये. मधली महागाई धरली तर आज पंचाहत्तरच्या आसपास. पाच जणांच्या कुटुंबाला २०२१ च्या भावाने महिना ९,३०० रुपये. पगार मोठा वाटावा म्हणून जो दर लोक विसरतात, तोच गरिबीची रेषा वाचतानाही विसरतात, आणि मग ती रेषा उदार वाटते. ती उदार नाही. सर्वांत गरीब देशांनी स्वतःसाठी ज्या रेषा आखल्या त्यांतली मधली रेषा म्हणजे हे ३ डॉलर. १९९० मध्ये रोजी १ डॉलरपासून सुरुवात झाली, मग १.२५, १.९०, २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३. भारतात या रेषेखाली २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के लोक होते, २०११-१२ मध्ये २७.१ टक्के. घट मोठी आहे. पण भारतासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठीची ४.२० डॉलरची रेषा लावली की तोच आकडा २३.९ टक्के होतो. जवळपास चौथा हिस्सा. पहिल्या आकड्याच्या बातम्या झाल्या, दुसरा आतल्या पानात राहिला.

हे दर किती डळमळीत असतात त्याचं एक उदाहरण देतो. डिसेंबर २००७ मध्ये नव्या फेरीचे आकडे आले. त्याआधी भारत आणि चीनमधल्या किमती प्रत्यक्षापेक्षा कमी धरल्या जात होत्या, ते दुरुस्त झालं, आणि दोन्ही देशांच्या अर्थव्यवस्था कागदावर सुमारे ४० टक्क्यांनी लहान झाल्या. पुढच्या वर्षी गरिबीची मोजणी नव्याने झाली तेव्हा २००५ सालातले जगातले अतिगरीब सुमारे १४० कोटी निघाले, आधीच्या अंदाजापेक्षा चाळीस-एक कोटींनी जास्त. कोणाच्या ताटातली भाकरी त्या दिवशी कमी झाली नव्हती.

रेषा आखायचं काम आपल्याकडे फार जुनं आहे. दादाभाई नौरोजींनी १८७६ च्या निबंधात तुरुंगातल्या कैद्याला काय खायला देतात त्यावरून हिशेब मांडला: १८६७-६८ च्या भावाने माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये. पुण्यात गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोजचे २,२५० उष्मांक धरून १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिना १५ आणि शहरात साडेबावीस रुपये ही रेषा काढली. ग्रामीण भागातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं तिच्या खाली होती. मग सुरेश तेंडुलकर समितीचा २००९ चा अहवाल, आणि त्यावर आधारलेलं सप्टेंबर २०११ मधलं सर्वोच्च न्यायालयातलं प्रतिज्ञापत्र: शहरात ३२ रुपये, खेड्यात २६ रुपये रोज. तेव्हा देशभर संताप झाला होता. गंमतीने नव्हे, मनापासून सांगतो, त्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांनी आठवडाभर ३२ रुपयांत जेवायचा प्रयत्न केला. चौथ्या दिवशी दोघंच उरली होती, आणि भाडं, औषध, एसटी त्यांनी धरलंच नव्हतं.

मृण्मयी_न्यूजर्सी

अमेरिकेची बाजू थोडक्यात. इथली सरकारी दारिद्र्यरेषा २०२५ मध्ये चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ३२,१५० डॉलर, म्हणजे माणशी रोज २२ डॉलर. मॉली ओरशान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी १९६३-६४ मध्ये काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढून त्याला तिनाने गुणलं होतं, आजही पाया तोच आहे. युरोपात वेगळं: मधल्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली गेलात की गरिबीचा धोका.

सरांच्या साडेवीसच्या दराने २२ डॉलर म्हणजे साडेचारशे रुपये, चौघांचे महिन्याला ५४ हजार. पुण्यात ५४ हजारांत चौघं नीट राहतील. इथे त्या उत्पन्नात राहणारी माझ्या ओळखीची काही कुटुंबं आहेत, ती तशी राहत नाहीत. कारण स्वस्त पर्याय नसतोच. चार जणांनी दहा बाय दहाची खोली घ्यावी तर तशी खोली भाड्याने देणं कायद्यात बसत नाही. टमटम नाही, गाडी लागतेच, तिचा विमा लागतो. दहा रुपयांचा वडापाव नाही, पाच रुपयांची शाम्पूची पुडी नाही. केंद्राचं किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरच आहे. न्यूजर्सीने स्वतःचं वाढवलं म्हणून इथे बरं. गरीब देशात गरिबाला परवडेल असा बाजार असतो, निकृष्ट का असेना. श्रीमंत देशात तो बाजार बंद केलेला असतो. सरासरीच्या दरात हे दिसत नाही.

नेकारकाठ

विनिमयदराच्या वादातून सुटायचं असेल तर मिनिटांत मोजा. एक वस्तू घ्यायला किती वेळ काम करावं लागतं? मग युरोही नको, रुपयाही नको. जाई, तुमच्या मावशींना तासाला किती पडतात?

जाई_कोथरूड

हा प्रश्न वाचून मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण मी सात पानं भरली होती आणि हे कधी काढलं नव्हतं. काल मावशींना चहा देऊन बसवलं आणि सरळ विचारलं. त्यांना आवडलं विचारलेलं. नाव-गाव लिहीत नाही, आकडे लिहू का असं विचारून लिहिते आहे.

आमच्याकडे रोज तासभर, महिन्याला २,२०० रुपये. सव्वीस दिवस धरले तर तासाला ८५. जर्मनीत २०२५ मध्ये कायद्याने किमान १२.८२ युरो तासाला. दिराच्या २८ च्या दराने, म्हणजे सगळी स्वस्ताई वजा केल्यावरही, ते ३५९ रुपये होतात. तीच भांडी, तोच तास, सव्वाचार पट.

लिटरभर गायीचं दूध साठ रुपये धरलं तर मावशींना ४२ मिनिटं भांडी घासावी लागतात. तिकडे किमान वेतनावरच्या माणसाला पाच मिनिटं. केस कापायला मात्र वेगळं: तिकडे २८ युरोंना सव्वादोन तास लागतात, इथे त्यांच्या मुलाच्या कटिंगला शंभर रुपये, म्हणजे सत्तर मिनिटं. सर म्हणाले तसंच निघालं. जे माणसाच्या हाताने होतं तेवढंच मावशींना झेपतं. दूध, तेल, मोबाइलचं रिचार्ज, मुलीच्या कॉलेजची फी, यांना त्यांचे तास फार लागतात.

त्यांचं घर: पाच घरांची कामं मिळून ११,०००. नवरा रंगकाम करतो, पावसाळा सोडून महिन्याला बारा-तेरा दिवस काम लागतं, त्याचे दहा हजार धरा. लाडकी बहीणचे १,५००. चौघंजण. माणशी ५,६०० रुपये महिना, रोज १८७. सर, तुमच्या ३ डॉलरच्या रेषेच्या त्या कितीतरी वर आहेत, ४.२० च्याही वर. सरकारी पाहणीत २०२३-२४ मध्ये शहरातला सरासरी माणशी मासिक खर्च ६,९९६ होता, त्याच्या खाली. म्हणजे कागदावर त्या गरीब नाहीत.

खर्च: खोलीचं भाडं ५,५००, वीज ७००, गॅस, किराणा-भाजी आठ हजार आणि वर रेशनचे तांदूळ-गहू फुकट, मुलीच्या बारावीच्या क्लासचे अडीच हजार, भिशी एक हजार. "आणि उरलं तर?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "उरत नाही, पण पुरतं." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या की मागच्या वर्षी नवरा परांचीवरून पडला, पाय मोडला. खाजगी दवाखान्यात ६२ हजार झाले. त्यातले चाळीस हजार व्याजाने घेतले आहेत, महिन्याला शेकडा तीन. बाराशे रुपये नुसतं व्याज जातं. ते मी वहीत विचारलंच नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

अर्थबोध

देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के खर्च माणसांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा आहे. पण मावशींच्या बाराशे रुपयांवर त्या सुधारणेचा परिणाम झालेला नाही. नेकारकाठ यांनी वर लिहिलं की जर्मनीत विमा आधीच पगारातून जातो. जाईताईंच्या दोन हिशेबांत तो फरक आलाय का, बघा. पुण्यातल्या तुमच्या ७३ हजारांच्या शिल्लकीत आजारपणासाठी राखलेले पैसे असतील, तर ती सगळी शिल्लक नव्हे.

भीमथडी

जाईताई, त्या रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू होती का, ते विचारून बघा. झालेल्या खर्चाचं आता काही होणार नाही, पण पुढच्या वेळेसाठी कार्ड काढून ठेवायला मदत करा. आमच्या गावात अर्ध्या लोकांकडे कार्ड नाही आणि कळतं ते दवाखान्यातच.

जाई_कोथरूड

कार्डाचं रविवारी करते आहे, आधार आणि रेशनकार्ड घेऊन या म्हटलं आहे. सर, तुमचं खरं आहे, शिल्लकीतले पंधरा हजार आम्ही आई-बाबांच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवतो. ते दोन्हीकडून वजा केले.

आमचं जायचं ठरलं, पाच वर्षांसाठी. मार्चमध्ये. परत यायचं हे धरूनच हिशेब केला आहे, म्हणून दापोलीकर दादांचा शंभराचा दर फक्त शिल्लकीला लावला आणि बाकीला तेहतीसचा.

आमचं घर बंद झालं की मावशींचे ११,००० मधले २,२०० जातात. हे त्यांना काल सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, ओटा पुसत राहिल्या. म्हणून आज आमच्याच मजल्यावरच्या काकूंना विचारलं, त्यांची बाई गावी गेली आहे. त्या अठराशे म्हणाल्या. मी म्हटलं, बावीसशेच्या खाली त्यांना परवडणार नाही, आणि महिन्याच्या दोन सुट्ट्या भरपगारी. उद्या सांगते म्हणाल्या आहेत.